दुधी वेलावरच वाळू द्या

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनं मराठवाडा आणि सोलापुरातला खरीप आडवा केला. पाठोपाठ 31,628 कोटींचं पॅकेज आलं आणि त्यात रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10 हजारांची तरतूद झाली. शेतांचे पंचनामे होतात. घरामागच्या दोन-तीन गुंठ्यांच्या परसात काय गेलं हे कोणी लिहून घेत नाही. मांडवावरचा गावठी वाल गेला तर तो दुकानात मिळतोच असं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास परसबागेवर जे लिहिलं जातं त्यात मेथी, पालक, मुळा कधी पेरायचा याची कोष्टकं असतात. ती चुकीची नसतात, पण या दिवसांतलं मोठं काम बी राखण्याचं, आणि नेमकं तेच त्यांतून गळतं.

मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. मग हवा कोरडी होते, ऊन भाजायला लागतं. ज्या ऑक्टोबर हीटच्या नावानं आपण बोटं मोडतो तीच बियांना हवी असते, कारण बीतला ओलावा एका टक्क्यानं उतरला की तिचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा साठवणीचा जुना ठोकताळा आहे. म्हणून पावसाळी वेलावरचा एक निकोप दुधी तोडायचाच नाही. साल आधी पिवळट, मग तपकिरी आणि लाकडासारखी टणक होते. हलवला की आत बिया खुळखुळतात. टोमॅटोचा गर एक-दोन दिवस आंबू दिला की बियांभोवतीचा बुळबुळीत पापुद्रा सुटतो. वालाच्या शेंगा वेलावरच कडकडीत होऊ द्यायच्या. भुंगेरे शेंगेवर शेतातच अंडी घालतात, त्यामुळे दाण्यांना चाळलेली राख चोळून ते गाडग्यात ठेवायचे. जुने गावठी वाल तर दिवस लहान होईपर्यंत फुलतच नाहीत. वेल नुसताच माजला म्हणून भाद्रपदात उपटून टाकणारे हकनाक घाई करतात.

या कामाचं नाव निघालं की अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी घरातच गावठी वाणांची बँक उभी केली, ‘बाएफ’ संस्थेची साथ मिळाली आणि 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सत्कार झाले, ‘बीजमाता’ हे नाव घरोघरी गेलं. मात्र त्या गौरवात एक सोय लपलेली आहे: बी राखणं हे कुणा असामान्य बाईचं व्रत ठरवलं की आपण मोकळे. पूर्वी ते घरातल्या सासवा-सुनांचं नेहमीचं काम होतं, आणि त्यासाठी पुरस्कार लागत नव्हता.

आक्षेप ठरलेला असतो: पाकीट स्वस्त मिळतं, हायब्रीडला माल जास्त येतो, मग हा उपद्व्याप कशाला? माल जास्त येतो हे बहुतेकदा खरं आहे. पण बाजारासाठीच्या वाणात एकसारखी फळं आणि वाहतुकीत तग धरणारी साल पाहिली जाते. घरच्या मांडवाला रोज मूठभर शेंगा, त्याही दोन-तीन महिने पुरणाऱ्या, हव्या असतात. हायब्रीडची बी धरली तर पुढची पिढी आईसारखी निघत नाही, म्हणजे दरवर्षी पाकीट आलंच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दुधी, दोडका, काकडी यांचं परपरागीभवन होतं, आणि शेजाऱ्याच्या हायब्रीडचा पराग येऊन आपलं वाण बिघडतं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. दुपारीच नर आणि मादी कळ्यांना दोरा बांधून ठेवायचा, संध्याकाळी सोडून नर फूल मादीवर फिरवायचं आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. एवढी खटपट नको असेल त्यानं वाल-घेवड्यापाशीच थांबावं. ते बहुतांशी आपलं आपणच फळतात. कोबी-फुलकोबीच्या नादी मात्र लागू नये. त्यांच्या बऱ्याच वाणांना बी धरायला लागते तशी थंडी आपल्याकडे पडत नाही.

पूर घरात शिरला तर गाडगंही जाणारच, हा मुद्दा उरतो. त्यावर तोड जुनीच आहे: वाळलेल्या बियांतल्या निम्म्या दुसऱ्या गावच्या लेकीकडे, मावशीकडे, शेजारणीकडे द्यायच्या. 2001 चा वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायदाही शेतकऱ्याला बी राखायची, वाटायची, देवाणघेवाण करायची मुभा देतो. ब्रँड लावून विकायला तेवढी मनाई आहे. भाऊबीजेला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत फराळाबरोबर वालाची पुरचुंडीही मावते.