आवाज येतो, चित्र येत नाही

२००३-०४च्या सुमारास घरात कॉम्प्युटर आला की पाठोपाठ ही तक्रार यायचीच: आवाज येतो, पण चित्र येत नाही. कधी याच्या उलटं. लग्नाची व्हीसीडी, भाड्याने आणलेला पिक्चर, मित्राने राइट करून दिलेली डिवएक्स फाइल, प्रत्येकाचे नखरे वेगळे. विंडोजचा प्लेअर ‘कोडेक नाही’ म्हणायचा, मग कुठून तरी कोडेक पॅक आणून टाकायचा. तो टाकला की ही फाइल सुरू व्हायची आणि काल नीट चालणारी दुसरी बंद पडायची. रिअल प्लेअर आणि क्विकटाइम हे पाहुणे आणखी वेगळे. त्यांच्या फाइली त्यांनीच उघडायच्या, असा त्यांचा खाक्या.

या कटकटीतून बहुतेक घरांना सोडवलं ते नारिंगी शंकूवाल्या व्हीएलसीने. त्याचा जन्म घरगुती पिक्चरसाठी झालेलाच नव्हता. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना कॅम्पसवर वेगवान नेटवर्क हवं होतं, आणि ते कशाला हवं याचं सबळ कारण म्हणून त्यांनी सॅटेलाइट टीव्ही नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पोहोचवण्याचा प्रकल्प हाती घेतला. नेटवर्क पदरात पडलंच, शिवाय प्लेअरही मिळाला. १ फेब्रुवारी २००१ला तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला. शंकूही तिथलाच, पोरांनी रस्त्यावरून उचलून आणलेला.

नेटवर्कवरून येणाऱ्या प्रवाहात मधले तुकडे गळणारच, हे त्यांनी पहिल्यापासून गृहीत धरलं. म्हणून अर्धवट उतरलेली फाइल किंवा ओरखडे पडलेली व्हीसीडी समोर आली तरी व्हीएलसी रुसून बसत नाही, जमेल तेवढं दाखवतो. फाइल उलगडणारे डीकोडर तो स्वतःसोबतच आणतो, वेगळा कोडेक पॅक लागत नाही. त्यातले बरेचसे एफएफएमपेगचे, म्हणजे फाब्रिस बेलार यांनी २०००मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचे. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ‘जे’ आणि ‘के’ दाबून आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकवता येतो. घरोघरी व्हीएलसी असतो, पण ही दोन बटणं फार थोड्यांना ठाऊक असतात.

जुन्या, दमलेल्या मशीनसाठी मात्र माझं मत मीडिया प्लेअर क्लासिकला. जुन्या विंडोज प्लेअरसारखा साधा चेहरा आणि हलकं अंग. त्याची एमपीसी-एचसी ही शाखा मूळ मंडळींनी २०१७मध्ये थांबवली, पण कोड खुला असल्यामुळे दुसऱ्या प्रोग्रामरने ती पुढे चालू ठेवली. बंद कोडच्या प्लेअरच्या नशिबी हे नसतं. कीबोर्डवरच सगळं करणाऱ्यांसाठी एमपीव्ही हा प्लेअर उत्तम. वडीलधाऱ्यांना मात्र तो देऊ नये, मेनू शोधत बसतील.

२०२२ सालची गोष्ट तर आपल्याकडचीच. फेब्रुवारीच्या सुमारास व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या संस्थेची साइट भारतात अनेक कनेक्शनवर उघडेना. बंदीची कसलीही नोटीस आपल्याला मिळाली नसल्याचं संस्थेचं म्हणणं होतं. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने तिने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरात बंदी उठली. आधी डाउनलोड केलेला प्लेअर या काळातही बिनबोभाट चालत होता, पण नव्याने घेणारे भलत्याच साइटवर जात होते. खरा धोका तिथेच होता.

व्हीएलसीच्या नावावर पैसा करू पाहणारे पूर्वीपासून आहेत. व्हीएलसीसोबत भलतेच टूलबार गळ्यात मारणाऱ्या साइट कितीतरी होत्या. मूळ मंडळींनी मात्र जाहिरातींसाठी आलेले मोठमोठे देकार नाकारले. व्हिडिओलॅनचे प्रमुख ज्याँ-बाप्तिस्त केंफ यांनी हे वेळोवेळी सांगितलं आहे.

तेव्हा नवा कॉम्प्युटर घेतलात की आधी व्हीएलसी टाका, पण सर्चमध्ये वर दिसलेल्या पहिल्या दुव्यावरून नको. पत्ता स्वतः टाइप करा: व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. कोणी पैसे मागितले, तर तुम्ही चुकीच्या दारात आहात.