बरोबरचे चिन्ह आणि झिरो माइल

संगणकाच्या तासाला फळ्यावर 'क्ष = क्ष + १' असे लिहिलेले पाहून बीजगणित जाणणारा विद्यार्थी गोंधळतो. दोन्ही बाजूंतून क्ष वजा केला, तर ० = १ उरते! खरे पाहता तेथे बरोबरचे चिन्ह समानता सांगत नाही. 'क्ष या कप्प्यातील संख्या पुसून तिच्यापेक्षा एकाने मोठी संख्या लिही', अशी ती आज्ञा असते.

काही भाषांत मात्र या चिन्हाचा अर्थ बीजगणितातलाच राहतो. त्यांत सगळे काम फलनांच्या, म्हणजे फंक्शनच्या, व्याख्यांनी होते. नागपूरच्या सीताबर्डीतील झिरो माइलचा दगडी खांब आठवा. तेथे निरनिराळ्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. खांब रोज सरकू लागला, तर ती सारी खोटी ठरतील. या भाषांत नावाचा अर्थही खांबासारखाच स्थिर असतो. म्हणून नावाच्या जागी त्याची किंमत निर्धास्त ठेवता येते.

हॅस्केल ही अशीच एक भाषा. तिचे नाव अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्यावरून पडले आणि तिचा पहिला अहवाल १९९० साली निघाला. तिच्याच धर्तीवर मार्क जोन्स यांनी 'गोफर' तयार केली. पुणे विद्यापीठात शिकवण्यासाठी गोफरमध्ये बदल करून 'पुगोफर' बनवली गेली.

आज हॅस्केल शिकण्यासाठी 'जीएचसीआय' हा इंटरप्रिटर विनामूल्य मिळतो. इंटरप्रिटर म्हणजे दुभाषी. तुम्ही एक ओळ लिहायची, त्याने लगेच उत्तर द्यायचे. ३ + ४ * ५ लिहा, २३ येईल. येथे * म्हणजे गुणिले.

आता क्रमगुणिताची व्याख्या पाहू. (यंत्रावर फ आणि न यांच्या जागी इंग्रजी लहान अक्षरे एफ व एन, तसेच इंग्रजी अंक वापरा.)

फ ० = १; फ न = न * फ (न - १)

फ ३ विचारले की दुभाषी तुमच्या वहीतल्यासारखीच किंमत ठेवत जातो:

फ ३ = ३ * फ २
= ३ * २ * फ १
= ३ * २ * १ * फ ०
= ३ * २ * १ * १ = ६

नवशिके येथे हमखास एक चूक करतात. व्याख्येचे दोन भाग दोन वेगळ्या ओळींत दिले, तर जीएचसीआय दुसरा भाग नवीच व्याख्या समजतो आणि पहिली झाकली जाते. मग शून्यापाशी थांबायला कोणी सांगत नाही. फ ० नंतर फ (-१), फ (-२) अशी घसरण चालूच राहते आणि उत्तर येत नाही. तेव्हा कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबून ती थांबवा. दोन्ही भाग अर्धविराम देऊन एकाच ओळीत लिहिले की काम होते.

आता तुम्ही १ ते न या संख्यांच्या बेरजेची अशीच व्याख्या लिहा. आधी न = ३ साठी वहीत पायऱ्या मांडा आणि मगच यंत्राला विचारा. शेवटी न = १०० घ्या. उत्तर ५०५० आले, तर व्याख्या बरोबर असल्याची चांगली खूण मिळाली. आणि ती लिहायला लागले, ते बीजगणित तुम्हाला आधीपासूनच येत होते!