वंशावळ आणि हिशेबाची वही

आपल्या कुळाचा अभिमान कोणास नसतो? परंतु वंशावळ लिहितांना पूर्वजांचे पराक्रम तेवढे नोंदावे व पातकें गाळावीं, ही रीत आम्हांस मान्य नाहीं. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड प्रांतीं प्रॉव्हिडन्स शहरच्या ब्राउन नामक व्यापारी घराण्याची हकीकत या बाबतींत विचार करण्याजोगी आहे.

निकोलस, जोसेफ, जॉन व मोझेस हे चौघे सख्खे बंधु. १७६४ सालीं त्यांनीं ‘सॅली’ नांवाचें जहाज गुलाम आणण्यासाठीं आफ्रिकेस धाडिलें. कप्तानानें १९६ माणसें खरेदी केलीं. त्यांपैकीं निदान १०९ मरण पावलीं. जहाजाची हिशेबाची वही अद्यापि उपलब्ध आहे. मालकांच्या वंशावळींत पिढ्यान् पिढ्यांचीं नांवें सांपडतात. या मृतांस मात्र वहींत नांव नाहीं, केवळ आंकडा आहे!

पुढें १७७३ सालीं पत्नीवियोगानें शोकाकुल झालेल्या मोझेसनें आपले गुलाम मुक्त केले, व १७७४ सालीं तो क्वेकर पंथांत शिरला. प्रत्येक मनुष्याच्या अंतर्यामीं ईश्वरी प्रकाश आहे, असें हा पंथ मानतो. बंधु जॉन मात्र बधला नाहीं. मोझेस ज्या गुलामव्यापारविरोधी संस्थेचा आधारस्तंभ होता, तिच्याच खटपटीनें जॉनवर खटला होऊन १७९७ सालीं त्याचें जहाज जप्त झालें. तथापि मोझेसचें पानही निष्कलंक नव्हे. त्यानें सूतगिरणीस भांडवल पुरविलें. तिला लागणारा कापूस गुलामांच्याच घामाचा होता.

या घराण्याचें नांव धारण करणाऱ्या ब्राउन विद्यापीठाच्या तत्कालीन अध्यक्षा रूथ सिमन्स या स्वतः गुलामांच्या वंशज. त्यांनीं २००३ सालीं समिति नेमिली, व २००६ सालीं तिनें हा सारा हिशेब जगापुढें मांडिला. विद्यापीठाची प्रतिष्ठा त्यानें लयास गेली नाहीं.

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्तीसाठीं झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केला, हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत, हें कितीजण उच्चारतात? कुळवृत्तांत छापणाऱ्या आमच्या गृहस्थांनीं त्या नोंदीही पाहाव्या. नांवें बाजूस खोडून केवळ जमेची बाजू दाखविणारी वही कोणताही सचोटीचा सावकार खरी मानणार नाहीं. मग वंशावळीसच ती सवलत कां असावी?