बागेत वेंडिंग मशीन? आधी नळाचं बोला

सार्वजनिक बागेत पाण्याच्या बाटल्या, वेफर्स आणि थंड पेये विकणारे वेंडिंग मशीन बसवावे की नाही, हा विषय निघाला की चर्चा 'सोय' आणि 'कचरा' या दोनच शब्दांभोवती फिरते. माझे मत आधीच सांगून टाकावे हे बरे. मशीनला सरसकट नकार देण्याचे कारण नाही. पण ज्या बागेत पिण्याच्या पाण्याचा नळ चालू नाही, तिथे बाटल्यांचे मशीन बसवणे हा फिरायला येणाऱ्यांवर सरळ अन्याय आहे.

बाजूने बोलणारे बहुधा जपानपासून सुरुवात करतात. पुण्यात तर हे साहजिकच, कारण सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभे आहे. जपानात सर्व प्रकारची मिळून सुमारे ४० लाख मशीन आहेत, तरी रस्ते स्वच्छ. मग मशीनमुळे कचरा होतो हे खरे कसे? हा युक्तिवाद अर्धवट आहे. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाल्यानंतर तिथल्या सार्वजनिक कचरापेट्या मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. पण पेयांच्या मशीनशेजारी रिकाम्या बाटल्या-डब्यांची पेटी असते, आणि माल भरायला येणारा माणूसच सहसा ती रिकामी करून नेतो. म्हणजे विकणाऱ्यानेच कचरा उचलायचा, ही तिथली पद्धत आहे. आपल्याकडे ते काम बागेच्या सफाई कामगारावर पडते, आणि मशीनवाल्याच्या करारात त्याचा उल्लेखही नसतो.

'बाटल्यांचाच तर कचरा होतो' हाही गैरसमज. रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीला भंगारात भाव आहे, म्हणून कचरावेचक ती उचलतात. २००८ पासून पुण्यात काम करणारी 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था अशा मालाच्या विक्रीतूनही आपल्या सभासदांची कमाई उभी करते. वेफर्स-कुरकुऱ्यांची चकचकीत पिशवी मात्र अनेक थरांची असते. ते थर सहजी वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ती घेत नाही आणि ती गवतात, गटारात, झुडपांच्या बुडाशी अडकून राहते. मशीन हवे की नको याआधी त्यात काय ठेवायचे, हे ठरवायला हवे. शेंगदाण्याची चिक्की कागदात मिळू शकते, ताक काचेच्या बाटलीत मिळू शकते. पण तसे निविदेत लिहावे लागते.

'एक कपाटच तर आहे, त्याला असे काय लागते?' पुष्कळ लागते. काही शे किलोंचे धूड पेलणारा ओटा, वर छप्पर, स्वतंत्र मीटर, नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे यंत्र. पावसाळ्यात ओल्या पायांनी मुले त्या पत्र्याला हात लावणार आहेत, त्यामुळे यात तडजोड नको. अमेरिकेतल्या मोजमापांत शीतपेयांच्या जुन्या धाटणीच्या मशीनला वर्षाला २,५०० ते ४,४०० युनिट वीज लागते असे दिसले होते. म्हणजे रोज सात ते बारा युनिट. नवी मशीन कमी वीज घेतात, पण आपल्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या मशीनचा कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही. बिल महापालिकेने भरायचे असेल, तर भाड्यातून मिळणाऱ्या 'उत्पन्ना'चा हिशेब पुन्हा करायला हवा.

किमतीबद्दलही लोक उगाच गप्प बसतात. वैधमापन कायद्याच्या नियमांनुसार पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. 'गार करण्याचे' वेगळे पैसे मशीनलाही लावता येत नाहीत.

विरोधकांचा एक दावाही तपासून पाहू: बागेच्या जागेत कायद्याने काहीच विकता येत नाही. यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालाचा दाखला दिला जातो. बंगळुरात उद्यानासाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय न्यायालयाने तेव्हा रद्द ठरवला. पण तिथे उद्यानाचा वापरच बदलणार होता. फाटकाशी ठेवलेले एक मशीन त्यात मोडत नाही. धोका आहे तो पुढे: मशीनशेजारी जाहिरातीचा फलक येतो, मग टेबल-खुर्च्या, मग पत्र्याची शेड. म्हणून जागा चौरस फुटांत आखून द्यावी आणि ती फाटकाजवळच असावी, झाडांमध्ये नको.

'मुलांसाठी वाईट पदार्थ कायद्याने बंदच आहेत' असे समजून पालक निश्चिंत असतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकायला मनाई करतात. ते शाळांसाठी आहेत. शाळेपासून दूर असलेल्या बागेला ते लागू होत नाहीत. घसरगुंडीवरून उतरलेल्या मुलासमोर काय मांडायचे, हे बागेपुरते महापालिकेच्या करारावरच ठरते.

आणि भेळवाला? 'मशीन आले की अस्वच्छ गाड्या हटतील' हे वाक्य मला फार खटकते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना हक्क दिले आहेत. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य त्यांचेच प्रतिनिधी हवेत. मशीन हे त्यांना उठवण्याचे निमित्त होऊ शकत नाही. शिवाय बंद पाकीट आणि ताजी भेळ या एकमेकींच्या जागी येणाऱ्या गोष्टीच नाहीत. स्वच्छता हवी असेल तर गाड्यांना नळ आणि सांडपाण्याची जोडणी द्या.

पुन्हा नळच. तहान भागवणे हे शहराचे काम आहे, ही आपली जुनी समज. मुंबईत एकोणिसाव्या शतकात दानशूरांनी बांधलेल्या प्याऊ अजून उभ्या आहेत. मशीद बंदरजवळचे केशवजी नाईक कारंजे १८७६ चे. रेल्वे स्थानकांवरच्या पाण्याच्या मशीनमध्ये एका रुपयात ३०० मिलिलिटर पाणी आपल्या बाटलीत भरता येत असे. कल्पना उत्तम होती, पण मुंबईच्या उपनगरी स्थानकांवरची त्यातली अनेक मशीन पुढे बंद पडली. देखभालीचा करार थांबला की मशीनचा फक्त अडथळा उरतो. अमेरिकेत ग्रँड कॅन्यन उद्यानाने २०१२ मध्ये बाटलीबंद पाण्याची विक्री थांबवली, पण त्याआधी जागोजागी फुकट पाणी भरण्याचे नळ बसवले. क्रम असा हवा.

एका मशीनला मात्र माझा बिनशर्त पाठिंबा आहे: बागेतल्या महिला स्वच्छतागृहातले सॅनिटरी पॅडचे. संध्याकाळी मुलांना घेऊन आलेल्या बाईला अचानक गरज पडली, तर घरी परतण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. त्याला थोडी जागा आणि किरकोळ वीज पुरते. शेजारी झाकणाची पेटी हवी, रोज ती रिकामी करणारी आणि मशीन भरणारी व्यक्ती हवी, आणि मशीन बिघडले तर कळवायचा क्रमांक दारावर लिहिलेला हवा. बागेसाठीच्या पहिल्या निविदेत नळाच्या दुरुस्तीखालोखाल याचेच नाव असावे.