गाय आणि गडी

जुलै 2006 च्या आरंभी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भाला भेट देऊन यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा तिच्या तपशिलात सिंचन व व्याजमाफी यांच्या जोडीला संकरित दुभत्या गायी अनुदानाने देण्याचेही एक कलम होते. कल्पना मुळात सदोष नव्हती. वर्षातून एकदाच हाती पैसा देणाऱ्या कापसावर विसंबलेल्या कुटुंबाला रोज चार पैसे मिळवून देणारा जोडधंदा असावा, हा विचार कोणाही जाणत्या माणसाला पटण्याजोगाच आहे. परंतु गाय दारात आली आणि गव्हाण रिकामी, अशी अवस्था कित्येक घरांत झाली. दुधाच्या उत्पन्नाहून ढेपेचा खर्च जड होऊ लागला, आणि या गायींपायी आणखी अडचणीत सापडलेल्या घरांची हकीकत पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकारांनी त्या काळी देशापुढे मांडली.

असे का व्हावे, याचे उत्तर गायीच्या रक्तातच शोधले पाहिजे. वऱ्हाड-नागपूरच्या मुलखाची जुनी गाय म्हणजे गवळाऊ: पांढरी, चपळ, दौडीच्या बैलांसाठी नावाजलेली. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडीच्या सरकारी पैदास केंद्रात तिचा वंश आजही जतन केला जातो. तिचे दूध एका वेताला सुमारे 600 लिटर. उलट राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी व गीर या तीन वंशांच्या संकरातून सिद्ध केलेली ‘फुले त्रिवेणी’ वेताला 3000 लिटरच्या घरात दूध देते. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या बायफ संस्थेने द्रवरूप नत्रवायूत उणे 196 अंशांवर गोठवून ठेवलेल्या रेतमात्रा खेडोपाडी नेल्या, आणि ज्या शेतकऱ्याला उत्तम वळू पोसणे जन्मात शक्य नव्हते त्याच्या गोठ्यातही उत्तम वळूची कालवड जन्मू लागली. हे कार्य थोर आहे, याविषयी दुमत नसावे.

मात्र विदेशी रक्ताबरोबर विदेशी प्रकृतीही येते. युरोपातील गायीला पंचवीस अंशांपलीकडचे ऊन सोसवत नाही, आणि यवतमाळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसाच्या आसपास रेंगाळतो. अशा उन्हात ती धापा टाकते, खाणे सोडते, दूध आटवते, माजावर आली तरी गाभण राहत नाही. दिवसाला ऐंशी ते शंभर लिटर पाणी तिला लागते, आणि ते कोणा ना कोणाला डोक्यावरून आणावे लागते. देशी गायीची सैल कातडी, लोंबती पोळी व घामाच्या ग्रंथींची विपुलता हे या उष्ण देशातील शतकानुशतकांच्या निवडीचे फळ आहे. म्हणूनच विदेशी रक्ताचे प्रमाण साधारण निम्म्याच्या आसपास राखावे, अशी जाणकारांची शिफारस असते. शिवाय बीटी कापूस व सोयाबीन यांनी ज्वारीला शेतातून हुसकावले आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. गुरे कापसाच्या पऱ्हाटीवर पोसत नाहीत आणि सोयाबीनचे कुटार कडब्याची सर धरीत नाही. जिथे वैरणीची तजवीज नाही तिथे पाच लिटर दूध देणारी काटक गाय पंधरा लिटरवालीपेक्षा बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु या जमाखर्चात एक रकाना नेहमी कोराच राहतो, आणि तो गायीपाशी राबणाऱ्या माणसाचा. शेण काढणारी, वैरण कापणारी, धार काढणारी बाई आणि सालभर राबणारा सालगडी यांच्या देहाला काय झाले, याची नोंद दुधाच्या आकड्यांसारखी कोणी रोज करीत नाही.

सांसर्गिक गर्भपाताचेच पाहा. ब्रुसेला नावाच्या जंतूमुळे गाय गाभण असता सहाव्या-सातव्या महिन्यात गाभ टाकते. पडलेले वासरू व वार जो कोणी उघड्या हाताने उचलतो, त्याच्या बोटावरील बारीकशा जखमेतूनही तो जंतू शरीरात शिरू शकतो, आणि मग येऊन-जाऊन राहणारा ताप, रात्रीचा घाम व सांध्यांचे दुखणे महिनोन्महिने पाठ सोडीत नाही. हिवताप समजून त्यावर भलतेच उपचार होत राहतात. पैदाशीचे शास्त्र आणि मजुराची सुरक्षितता ही दोन निरनिराळी खाती नाहीत, हे इथे कळते; रेतन केंद्रात वळूची तपासणी काटेकोरपणे झाली, तर तिचा लाभ वासराइतकाच वार उचलणाऱ्या हातांनाही मिळतो.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याने याहून भयंकर प्रसंग पाहिला. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, आणि त्या दाटीत तोंडाला साधे फडके बांधून कीटकनाशकांची फवारणी करणारे गडी. त्या हंगामात जिल्ह्यातील सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो लोक विषबाधेने इस्पितळात दाखल झाले. या औषधांपैकी अनेकांतील सेंद्रिय फॉस्फरस नसांमधील एका आवश्यक विकराला निकामी करतो. लाळ गळते, डोळ्यांची बाहुली आकुंचते, श्वास कोंडतो. बांधावरच्या ज्या गवतावर तोच तुषार पडला ते गवत खाणाऱ्या जनावरालाही हुबेहूब हीच लक्षणे होतात, आणि माणसाचा डॉक्टर व गुरांचा डॉक्टर दोघेही ॲट्रोपीनच टोचतात. डब्यावरील त्रिकोणाचा रंग लाल असेल तर विष अत्यंत तीव्र, पिवळा, निळा व हिरवा हे उतरते क्रम. पण निरक्षर मजुराला हा संकेत कोणी समजावून दिलेला असतो काय? कीटकनाशक कायदा 1968 चा व त्याखालील नियम 1971 चे आहेत. संरक्षक कपड्यांची तरतूद त्यात आहे. दप्तरात ती आहे, शेतात नाही.

कडबा-कुट्टीच्या यंत्राविषयीही असेच म्हणता येईल. एकटी बाई, विजेचे पाते, वैरण रेटताना पुढे जाणारा हात, आणि क्षणात तुटलेली बोटे. मळणीयंत्रांनी हात गमावलेल्यांची संख्या वाढल्यावर 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. वैरण घालण्याचे तोंड लांब व झाकलेले असले की हात पात्यापर्यंत पोचत नाही, इतका साधा हा उपाय आहे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत शेतकामातील सुरक्षिततेवर संशोधन चालते, परंतु ते ज्ञान यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी-घाटंजीच्या गोठ्यापर्यंत पोचवण्याची यंत्रणा रेतमात्रा पोचवण्याच्या यंत्रणेइतकी जागती झालेली नाही.

ती जागती होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. 2019 पासून केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेलाची लस समाविष्ट आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला ती आयुष्यात एकदाच टोचावी लागते. ज्यांच्या गोठ्यात त्या वयाची कालवड असेल त्यांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तिची नोंद करावी, आणि गाय विते त्या दिवशी वार उचलणाऱ्या बाईच्या हाती आधी रबरी मोजे द्यावेत.