चरणाऱ्या गुरांचा जमाखर्च

मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या आपल्या बाळापुराच्या परिसरांत अजूनहि पुष्कळांची पेरणी बैलजोडीवर अवलंबून असते. परंतु पोळ्यास गुबगुबीत दिसणारा बैल मृग लागतां लागतां कां रोडावतो? दिवसभर चरूनहि त्याचें वजन कां घटतें? विद्यार्थिमित्रहो, याचें उत्तर बरेंचसें साध्या अंकगणितानें देतां येतें.

प्रथम वजन काढूं. पुढील पायांच्या लगत मागें छातीचा घेर व खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराच्या वर्गास लांबीनें गुणून ३०० नीं भागिलें असतां अदमासें वजन पौंडांत येतें. घेर ६० व लांबी ५० इंच असल्यास तें ६०० पौंड, म्हणजे सुमारें २७० किलो होतें.

आतां जमेची बाजू. देशी जनावरास रोज वजनाच्या शेंकडा दोन ते अडीच इतका, पाण्याचा अंश वगळून, चारा लागतो. अडीच धरल्यास आपल्या बैलास पावणेसात किलो पाहिजे. समजा, एका घासांत अर्धा ग्रॅम शुष्क चारा येतो व मिनिटास चाळीस घास होतात. तर तासास १.२ किलो चारा पोटांत जाऊन साडेपांच तासांहून किंचित् अधिक वेळांत गरज भागते. उन्हाळ्यांत गवत विरळ होऊन घास निम्मा झाला कीं तोच वेळ सव्वाअकरा तास होतो. रवंथ, विसांवा व दुपारचें ऊन यांतून इतका वेळ उरावा कोठून?

दुसरी अडचण गवताच्या गुणाची. कुसळी गवत पिकून वाळलें म्हणजे त्यांतील प्रथिनें घटतात. तीं शेंकडा सातांहून कमी झालीं कीं पोटांतील सूक्ष्म जंतूंची उपासमार होते, पचन मंदावतें व पोट लवकर रितें होत नाहीं. म्हणून पोट भरलेलें, पण फांसळ्या मोजाव्या, असें जनावर दिसतें. अशा वेळीं थोडी सरकीची ढेप दिल्यास तोच कडबा अधिक खाल्ला व पचविला जातो.

खर्चाची बाजूहि आहे. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञानें १९३२ सालीं दाखविलें कीं, वजन दुप्पट झाल्यास विश्रांतींतील शरीराचा खर्च दुप्पट न होतां सुमारें १.७ पट होतो. अर्थात् वासरास त्याच्या वजनाच्या मानानें पोषण अधिक लागतें. यांत चाऱ्यासाठीं भटकण्याचे श्रम मिळवावे. जमेंतून हा सारा खर्च वजा जातां जें उरेल, तेवढीच वजनाची वाढ. कांहींच न उरल्यास अंगचें मांस झिजतें.

तरी दिवाळीपासून मृगापर्यंत दरमहा एकाद्या जनावराचें माप घेऊन वहींत टिपून ठेवा व तें वडिलांस दाखवा. आंकडा उतरूं लागतांच ढेपेची तजवीज केली, तर पेरणीच्या दिवशीं बैल तिफणीपुढें थकून उभा राहणार नाहीं.