खेळ एकाचा, बोलणे दुसऱ्याचे, जाहिरात तिसऱ्याची

गेल्या मे महिन्यात माझी आत्या साताऱ्याहून पंधरा दिवस आमच्याकडे पुण्याला राहायला आली होती. तिचे वय ६८. दुपारी जेवणे आवरली की ती फोनवर लुडोचा डाव मांडायची. समोर मेलबर्नला शाळेतून घरी आलेला तिचा नातू. दोघांचे खेळापेक्षा बोलणेच जास्त, आणि तेही वेगळा फोन न लावता, त्या लुडोच्या पटावरच. ‘‘अरे, जरा हळू, मला दिसत नाही,’’ असे ही इथून ओरडायची आणि तिकडे तो खिदळायचा. डाव संपला की अर्धा मिनिट जाहिरात, मग पुढचा डाव. एके दिवशी चष्मा कपाळावर सरकवून तिने मला विचारले, ‘‘काय रे, आम्ही दोघं इथं बोलतो ते त्या लुडोवाल्यांना ऐकू जातं का?’’

‘‘नाही गं आत्या,’’ म्हणून मी मोकळा झालो. पुढे काही महिने या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो तेव्हा कळले, की माझे उत्तर चुकले होते. आणि ‘हो’ म्हटले असते तरी ते चुकलेच असते. कारण तिच्या आणि नातवाच्या मध्ये एकटे लुडोवाले बसलेले नव्हते.

सुरुवातीला मात्र खेळ आणि बोलणे एकाच घरात नांदत होते. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचायला घेतला. अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या आजच्या सगळ्या काल्पनिक दुनियांचा हा मूळपुरुष. त्यात चित्र नव्हतेच, सगळा कारभार शब्दांचा. उत्तरेला जायचे तर तसे टंकायचे, कुणाशी बोलायचे तरी टंकायचे. खोलीत जे असतील त्यांना ते वाचायला मिळे. चालणे, लढणे आणि बोलणे या तिन्ही क्रिया एकाच प्रोग्रॅमच्या. जाहिरातीचेही तसेच. त्याच १९७८ साली अमेरिकेत स्कॉट अ‍ॅडम्स यांच्या ‘अ‍ॅडव्हेंचरलँड’ या संगणक खेळात त्यांच्याच पुढच्या खेळाची जाहिरात होती. खेळातली पहिली जाहिरात म्हणून तिचा उल्लेख होतो. म्हणजे आपल्याच दुकानात आपल्याच दुसऱ्या मालाची पाटी. बाहेरचा माणूस अजून आत आलेला नव्हता.

तो आला बोलण्याच्या वाटेने. १९९६ साली इस्राएलमधल्या मिराबिलिस या छोट्या कंपनीने ‘आयसीक्यू’ काढले. कोण ऑनलाइन आहे हे दाखवायचे आणि त्याला लगेच निरोप धाडायचा, एवढेच त्याचे काम. १९९८मध्ये ‘एओएल’ने ती कंपनी विकत घेतली; त्यांचा स्वतःचा ‘एम’ नावाचा निरोप्या आदल्याच वर्षी आला होता. मित्रांची यादी आता खेळाबाहेर राहू लागली. अडचण अशी, की संगणकावरचा खेळ अख्खा पडदा व्यापून बसतो. मित्राचा निरोप पाहायला खेळ खाली सरकवावा, तर तेवढ्यात आपला गडी मेलेला.

यावर जी युक्ती निघाली ती समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच आले. खेळ दर सेकंदाला तीस-साठ चित्रे तयार करून पडद्याकडे पाठवतो. निरोप्याचे सॉफ्टवेअर त्या वाटेवर मध्येच उभे राहते आणि तयार चित्र पडद्यावर जाण्याच्या आतच त्यावर आपली चौकट रंगवते. मासिकाचे पान छपाईला निघाले असताना बाहेरच्या कुणी त्यावर चिठ्ठी डकवावी, तसे. संपादकाला पत्ता नाही, वाचकाला मात्र चिठ्ठी पानाचाच भाग वाटते. (भिंतीआडचा शत्रू दाखवणारी लबाडीची सॉफ्टवेअरही याच तंत्राने चालतात. त्यामुळे लबाडी पकडणारे पहारेकरी या निरोप्यांकडेही संशयाने पाहत.)

या तंत्रावर उभा राहिलेला ‘एक्सफायर’ हा निरोप्या खास खेळाडूंसाठी होता. खेळ न सोडता त्यात गप्पा मारता येत, मित्र कोणत्या खेळात आहे हे दिसे आणि कोण कोणता खेळ किती तास खेळला याची नोंदही राही. तो फुकट होता. एप्रिल २००६मध्ये ‘व्हायकॉम’ या बड्या माध्यम कंपनीने त्यासाठी १० कोटी २० लाख डॉलर मोजले. नुसत्या गप्पांच्या चौकटीला एवढी किंमत आली नसती. माझ्या मते खरा ऐवज ती तासांची नोंद होती. चार वर्षांत त्यांनी तो विकून टाकला आणि २०१५मध्ये तो बंद पडला. ‘एम’ २०१७च्या डिसेंबरात गेला, ‘आयसीक्यू’ २०२४च्या जूनमध्ये. ज्या खेळांच्या आधाराने या गप्पा झाल्या त्यातले काही खेळ अजून चालू आहेत, पण ते बोलणे वाहून नेणारे उरलेले नाहीत.

जाहिरातवाले दुसऱ्या दाराने आले. ‘अ‍ॅनार्की ऑनलाइन’ हा नॉर्वेच्या ‘फनकॉम’ कंपनीचा २००१चा खेळ. दरमहा वर्गणी भरून खेळायचा. डिसेंबर २००४पासून त्यांनी मूळ खेळ फुकट केला. बदल्यात खेळातल्या शहराच्या भिंतींवरचे फलक सोसायचे. हे फलक पुढे ‘मॅसिव्ह’ या न्यूयॉर्कच्या कंपनीने चालवले. खेळ रचणारा भिंतीवर रिकामे चौकोन सोडून ठेवतो. आपण त्या गल्लीत शिरलो, की खेळ जाहिरात कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, ‘या चौकोनात आज काय लावू?’ तिकडून चित्र येते. एवढ्यावर व्यवहार संपत नाही. खेळाडूने फलक किती वेळ पाहिला, किती तिरकस कोनातून, तो पडद्यावर केवढा दिसला, याचा हिशेब उलट दिशेने जातो, कारण पैसे त्यावर ठरतात. २००९च्या अमेरिकेतल्या व्यवसायसंकेतांनुसार एकूण दहा सेकंद दिसली तर जाहिरात पाहिली असे धरत. २०२२मध्ये ते संकेत बदलले आणि अर्धी जाहिरात सलग एक सेकंद दिसली तरी पुरे झाले. माणसाच्या लक्षाचा भाव कसा उतरला याचे याहून नेमके माप मला सापडलेले नाही.

लक्ष्मी रस्त्यावरचा फलक येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सारखाच दिसतो. खेळातला तसा नसतो. ऑक्टोबर २००८मध्ये बराक ओबामा यांच्या प्रचारयंत्रणेने ‘बर्नआउट पॅरडाइज’ या मोटारशर्यतीच्या खेळात आणि आणखी काही खेळांत फलक लावले. मुदतीआधीचे मतदान सुरू झाले आहे, असा मजकूर. पण ते दिसले फक्त चुरशीच्या दहा राज्यांतल्या खेळाडूंना. एकाच रस्त्यावर, एकाच शर्यतीत, शेजारी-शेजारी गाडी हाकणाऱ्या दोघांना दोन निरनिराळ्या भिंती दिसू शकत होत्या.

खेळाडूंनी हे सगळे निमूट स्वीकारले असे नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ या गोळीबाराच्या खेळात २००६च्या सुरुवातीला एका सँडविच-साखळीच्या जाहिराती झळकल्या, त्या खेळाच्या मालक ‘व्हॉल्व्ह’ कंपनीला न विचारताच. हे जमले, कारण त्या खेळाचे सर्व्हर बाहेरचे लोकही चालवतात. ‘व्हॉल्व्ह’ने हरकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीशी करार करून त्याच खेळात स्वतः जाहिराती आणल्या. खेळाडू चिडले ते यावर. हरकत जाहिरातीला नव्हती, विचारले नाही याला होती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले असावे.

‘मॅसिव्ह’ २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली आणि २०१०मध्ये बंदही केली. तोवर जाहिरातीला दुसरी, स्वस्त जागा मिळाली होती. भिंत रंगवत बसण्याची गरजच नाही. डाव संपला की अख्खा पडदाच ताब्यात घ्यायचा. फोनवरच्या खेळांनी हे सोपे केले, आणि आत्याच्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे.

पाच-सहा जणांची मंडळी मिळून फोनवरचा खेळ करतात तेव्हा आवाज इकडून तिकडे नेण्याची यंत्रणा ते स्वतः बांधत नाहीत. ती तयार मिळते. जाहिरातीची यंत्रणाही तयार मिळते. या तयार संचाला धंद्यात ‘एसडीके’ म्हणतात. बाहेरच्या कंपनीने लिहिलेला हा प्रोग्रॅम खेळाच्या आत शिवून टाकायचा. पूर्वीचा निरोप्या पानावर चिठ्ठी डकवत होता; हा पानाच्या कागदातच मिसळलेला असतो. आणि अँड्रॉइडवर साधारणपणे असे होते, की खेळाला दिलेली परवानगी त्याच्या पोटातल्या या पाहुण्यांनाही लागू होते. आपण ‘मायक्रोफोन वापरू द्या’वर बोट ठेवतो ते एका नावाकडे पाहून. आत किती जण आहेत ते तिथे लिहिलेले नसते.

या धंद्यातली नाती पाहा. ‘विवॉक्स’ नावाच्या कंपनीने २००७च्या सुमारास ‘ईव्ह ऑनलाइन’ आणि ‘सेकंड लाइफ’ या दुनियांना आवाज दिला, पुढे ‘फोर्टनाइट’लाही. २०१९मध्ये ती ‘युनिटी’ने विकत घेतली. ‘युनिटी’ची मुख्य ओळख म्हणजे खेळ ज्यावर रचले जातात ते इंजिन, शिवाय तिचे स्वतःचे मोठे जाहिरात जाळेही आहे. म्हणजे खेळाचा सांगाडा, त्यातला आवाज आणि मधली जाहिरात एकाच छताखालून येऊ शकते. गप्पा ऐकून जाहिराती लावतात असा याचा अर्थ मुळीच नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. मात्र हे तीन व्यवसाय वेगळे आहेत या समजात आपण राहू नये. ‘डिस्कॉर्ड’चेही तसेच. २०१५मध्ये खेळाबाहेरची गप्पांची जागा म्हणून ते सुरू झाले. २०२४मध्ये त्यात प्रायोजकांच्या मोहिमा आल्या आणि मार्च २०२५मध्ये ‘आमच्या गप्पा तुमच्या खेळाच्या आत बसवा’ असा तयार संच त्यांनी खेळ रचणाऱ्यांपुढे ठेवला.

नवी मुंबईतल्या ‘गेमेशन’ कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६मध्ये आला आणि २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. फुकटच्या खेळाचे पोट जाहिरातीवर, आणि दूरच्या नातलगांना बोलायला आवाजाची सोय हवीच, ही जोडी भारतात रुळली ती त्या काळात. त्यात वाईट काही नाही. वर्गणी लागली असती तर आत्या कधीच खेळली नसती.

मग तिला काय उत्तर द्यायला हवे होते? आवाज बहुधा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून मेलबर्नला जातो. लुडोवाल्यांकडे तो पोचतच नसेल. जाहिरातवाल्याला त्या गप्पांची गरजही नाही. डाव संपता संपता, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत एक लिलाव होतो. फोनचा जाहिरातीसाठीचा क्रमांक, खेळाचे नाव आणि अंदाजे ठिकाण अनेक बोली लावणाऱ्यांकडे एकदम जाते. जिंकतो एक, पण हरलेल्यांनीही ते पाहिलेले असते. दुपारी दोन ते पावणेतीन खेळते, रोज खेळते, एरवी साताऱ्यात असते, गेले पंधरा दिवस पुण्यात आहे, एवढे कळायला एक शब्दही ऐकावा लागत नाही.

बिघडले तर जाब कोणाला विचारायचा, हा यातला खरा घोर. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ‘फोर्टनाइट’च्या एपिक कंपनीवर मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याखाली साडेसत्तावीस कोटी डॉलर दंड बसवला. एक आरोप असा, की आवाजी आणि लेखी गप्पा मुलांसाठीही मुळातच चालू ठेवल्या होत्या आणि अनोळखी मोठ्यांशी त्यांची गाठ पडत होती. तिथे निदान मालक सापडला. ऑक्टोबर २०२५मध्ये ‘डिस्कॉर्ड’ने जाहीर केले, की सुमारे ७० हजार जणांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे बाहेर गेली असावीत, ती वयाच्या तक्रारींसाठी मागवलेली होती आणि गेली ग्राहकसेवा पुरवणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराकडून. पाहुण्याचाही पाहुणा.

आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या सर्वांना मूल मानतो. त्यांचा माग काढून जाहिरात करायला तो मनाई करतो आणि पालकाची पडताळलेली संमती मागतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. कायदा चांगला आहे. पण त्याने एका फोनला एक माणूस धरले आहे. आमच्या घरी आत्या दुपारी वामकुक्षीला गेली, की तिचा फोन माझी नऊ वर्षांची लेक उचलते आणि मोटारशर्यत खेळते. त्यामुळे हल्ली शर्यतीच्या मध्ये हिला गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात दिसते. आणि आत्या विचारते, ‘‘अरे, मला हे रंगीत गाड्यांचं काय दाखवतायत?’’